गाळलेलं वाक्य

साक्रीला शिक्षिका म्हणून रुजू झाले तेव्हा मी तेवीस वर्षांची होते. नव्वद साल उजाडायला दोन-तीन वर्षं बाकी होती. शाळा साक्रीच्याही पुढे, डोंगराच्या पायथ्याला होती. सकाळच्या एसटीनं जायचं, संध्याकाळच्या एसटीनं खोलीवर परत. मी सावद्याकडची, केळीच्या बागांत वाढलेली. इकडे पाऊस आला तर पीक, नाहीतर नुसता माळ. माणसं चांगली होती, मुलं गुणी होती, तरी मला करमत नव्हतं. खोलीत तासभर बसले की उठून दारात, दारातून रस्त्यावर, रस्त्यानं बाजाराच्या टोकापर्यंत जाऊन परत. घरमालकीण मावशी हसायच्या. म्हणायच्या, "बाई, तुमना पायले भिंगरी बांधेल शे का?"

त्या काळात मी लपूनछपून गोष्टी लिहायची. कुणाला दाखवाव्यात हे कळत नव्हतं. एकदा वाचनालयात पुस्तक बदलताना ग्रंथपालांनी सायक्लोस्टाइल केलेला एक कागद पुढे केला. धुळ्याचे एक निवृत्त प्राध्यापक टपालानं कथालेखन शिकवणार होते. नवशिक्या लोकांचा गट करायचा, प्रत्येकानं गोष्ट लिहायची, सगळ्या गोष्टींचं एक पाकीट गावोगाव फिरवायचं. ज्याच्याकडे पाकीट येईल त्यानं आठ दिवसांत सगळं वाचायचं, मागे टाचलेल्या कोऱ्या कागदावर आपलं मत लिहायचं आणि पाकीट पुढच्या पत्त्यावर रवाना करायचं.

माझी भाची हल्ली संगणकासमोर बसून अशाच एका कार्यशाळेत भाग घेते. सकाळी लिहिलेलं दुपारी वाचून होतं, संध्याकाळी त्यावर वाद झडतात. आमचं पाकीट धुळ्याहून निघून सहा घरं फिरून परत यायला दीड-दोन महिने लागत. मी नाव नोंदवलं आणि त्या दिवसापासून माझ्या अस्वस्थपणाला एक काम मिळालं. पोस्टमनची वाट बघायची.

पाकिटातली माझी पहिली गोष्ट मुंबईतल्या बंगल्यात राहणाऱ्या एका बाईची होती. मी मुंबई पाहिलेली नव्हती. सरांनी शेवटी हिरव्या शाईत लिहिलं होतं, "तुमची माणसं वर्तमानपत्रातल्या अग्रलेखासारखी बोलतात. तुमच्या घरी अशी बोलतात का?" मला राग आला. मग लाज वाटली. घरी आम्ही 'मले-तुले' बोलायचो, आणि ते मी डी.एड.ला जळगावात गेल्यावर पहिल्याच आठवड्यात जिभेवरून पुसून टाकलं होतं.

पुढच्या फेरीचा विषय होता संघर्ष. सरांनी दोन पानं लिहून पाठवली होती. त्यात म्हटलं होतं की दोन माणसं ओरडतात म्हणून गोष्टीत संघर्ष येत नाही. दोघांचंही आपापल्या जागी बरोबर असेल आणि तरीही दोघांना एकत्र राहता येत नसेल, असं काही तुमच्या पाहण्यात आहे का? असेल तर तेच लिहा.

माझ्या पाहण्यात होतं. माझ्या घरातच होतं. माझी आई आणि माझी काकू, सख्ख्या जावा, गेली चौदा वर्षं एकमेकींशी बोलत नव्हत्या. एकच अंगण, दोन दारं, दोन चुली. वडील आणि काका शेत एकत्र कसायचे, एकत्र हसायचे, पण या दोघींमध्ये अवाक्षर नव्हतं. मी नऊ वर्षांची होते तेव्हा उन्हाळ्यात बिबड्या करायच्या दिवशी काहीतरी बिनसलं होतं. बिबड्या म्हणजे ज्वारीचे पापड. आमच्याकडे ते दहा-बारा बायका मिळून घालतात. आईनं सगळ्या बायकांना बोलावलं होतं. काकू सकाळी आली नाही, दुपारी आपल्या दारात दिसली, मग आत गेली आणि तिनं दार लावून घेतलं. त्यानंतर दोघींमधले निरोप मी नेत-आणत राहिले. 'काकूला सांग, पाटाला पाणी आलंय.' 'आईला सांग, वासरू सुटलंय.' मोठी होऊन जळगावला गेले तोवर हेच चाललं होतं.

आईचं म्हणणं होतं की काकूला आमचं मोठं कुटुंब डोळ्यांत खुपत होतं. मी तसंच लिहिलं. सोशिक थोरली जाऊ, मानी धाकटी जाऊ, आणि मधे निरोप नेणारी एक लहान मुलगी. संवाद पहिल्यांदाच घरच्या बोलीत लिहिले. लिहिताना हात थांबला नाही. पाकीट साक्रीच्या पोस्टात टाकलं तेव्हा वाटलं, आता जमलं.

पाकीट परत आलं ते गुरुवारी. शाळेतून आले तर मावशी दारातच उभ्या होत्या. "बाई, तुमनं पाकीट उनं." मी चपला न काढता पायरीवर बसले. जळगावच्या एका गृहिणीनं लिहिलं होतं की वाचताना डोळ्यांत पाणी आलं. सोनगीरच्या एका तरुणाला बोली फार आवडली होती. शेवटचं मत वरणगावच्या फॅक्टरीत नोकरीला असलेल्या सभासदाचं होतं. त्यांना सगळे भाऊ म्हणायचे. अक्षर बारीक, एका रेषेत.

त्यांनी लिहिलं होतं, "दोन्ही बायका दिसल्या. निरोप नेणारी मुलगी मात्र दिसली नाही. ती काय टेलिफोनची तार आहे? इतकी वर्षं तिनं जसाच्या तसा निरोप पोचवला? एखादा शब्द कधीच बदलला नाही? गाळला नाही? मला खरं वाटत नाही."

मला आधी वाटलं, हा माणूस खवचट आहे. मग चहा ठेवला आणि तो उतू गेला. भाकरीचं पीठ मळायला घेतलं आणि तसंच झाकून ठेवलं. मी बाजाराच्या टोकापर्यंत गेले, परत आले, पुन्हा गेले. कारण ते वाचताक्षणी मला एक प्रश्न ऐकू आला होता, आणि तो काकूच्या आवाजात होता. "अजून काई म्हनली का?"

पुढचे काही आठवडे मी शाळेत फळ्यावर बेरजा लिहायचे आणि अर्ध्यातच थांबायचे. तुकड्या-तुकड्यांनी ती दुपार वर येत होती. काकूचं बाळ त्या वसंतात जन्मतःच गेलं होतं. ती बारीक झाली होती, भिंतीला धरून चालायची. बिबड्यांच्या दिवशी ती दारात दिसली तेव्हा आई चुलीवर बिबड्यांचा घाटा, म्हणजे शिजवलेलं पीठ, घोटत होती. मला म्हणाली, "काकूले सांग, कशाले हात लावू नको म्हना. पडून राह्य. मी पाहीन सारं." मी धावले. आम्हा मैत्रिणींचा खेळ मांडून ठेवलेला होता, माझा डाव आला होता. काकूच्या दारातूनच मी ओरडले, "आई म्हनते, कशाले हात लावू नको." काकूनं विचारलं, "अजून काई म्हनली का?" आणि मी म्हटलं, "नही. येवढंच." आणि पळाले.

पण हे खरंच असं झालं होतं का? की भाऊंनी विचारलं म्हणून माझ्या डोक्यानं ते रचलं? इतके दिवस गोष्टी रचण्याचा सराव केला होता. आता मला माझ्याच आठवणीवर भरवसा ठेवता येईना. चांगली जुळणारी गोष्ट मी लगेच खरी मानते, हे मला ठाऊक होतं.

एका रविवारी मी धुळ्याला गेले. सरांना तोवर भेटले नव्हते. ते नुसत्या बनियनमध्ये बसून मतांच्या कागदांना टाचण्या लावत होते. मला पाहून आतून सदरा घालून आले. मी सगळं सांगितलं. ते ऐकत राहिले.

"मग काकूंना विचारा ना," ते म्हणाले.

"गोष्टीसाठी?"

"गोष्टीसाठी विचारणार असाल तर मुळीच विचारू नका." त्यांनी टाचण्यांची डबी बंद केली. "गोष्ट तशीही लिहिता येते. ती दुरुस्त करायला तुम्हाला काकू लागत नाहीत. तुम्हाला त्या कशाला हव्या आहेत, ते आधी ठरवा."

मला ते ठरवता आलं नाही. परतीच्या एसटीत मी सरांवरच चिडले होते. पण दिवाळीच्या सुट्टीला जाताना, काकूला विचारायचंच, एवढं मी ठरवून निघाले. साक्रीहून धुळे, धुळ्याहून जळगाव, मग भुसावळ, तिथून सावद्याकडची गाडी. दिवसभराचा प्रवास. खिडकीत बसून मी वाक्यं जुळवत होते आणि प्रत्येक वाक्य गोष्टीतल्यासारखं वाटत होतं, म्हणून खोडत होते.

पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी आई अंग टाकायला गेली, आणि मी अंगण ओलांडून काकूच्या ओसरीवर गेले. ती शेंगा फोडत होती. मी शेजारी बसले आणि शेंगा फोडायला लागले. तिनं टोपली माझ्याकडे सरकवली. माझ्याशी ती नेहमीच बोलायची, पण मोजकं.

"काकू, ती बिबड्यांची दुपार आठवते का?"

तिचा हात थांबला. "कायले इचारते?"

"मी काय निरोप आणला होता तुझ्याकडे?"

"आठवते का, म्हने!" ती हसली, पण हसण्यासारखं त्यात काही नव्हतं. "'आई म्हनते, कशाले हात लावू नको.' दारातूनच म्हनली व्हती तू. आत सुदिक आली नही."

"मग तू काय म्हणालीस?"

"मी म्हनलं, अजून काई म्हनली का. तू म्हने, नही. येवढंच."

म्हणजे मी रचलं नव्हतं. मला सुटल्यासारखंही वाटलं आणि लाजही वाटली. मी म्हटलं, "काकू, आई अजून बोलली होती. 'पडून राह्य, मी पाहीन सारं,' असं म्हणाली होती. ते मी सांगितलंच नाही."

तिनं चार-पाच शेंगा फोडल्या. दाणे टोपलीत आणि फोलपटं सुपात टाकायची, ते एकदा उलटं झालं. मग म्हणाली, "कायले नही सांगतलं?"

"खेळायला जायचं होतं."

तिनं सूप बाजूला सारलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "पोर गेलेल्या बाईचा हात बिबड्याले नको, असं समजली मी. चौदा वर्सं तेच समजत राह्यली." तिनं पदरानं तोंड पुसलं. "जाय आता. जाय तू."

ती रागावली नव्हती. रागावली असती तर मला बरं वाटलं असतं. मी उठले.

आईला सांगणं त्याहून अवघड गेलं. ती उठून चहा करत होती. मी एका दमात सगळं सांगून टाकलं. ती आधी माझ्यावर उखडली. "तुले कोनं सांगतलं व्हतं हे उकरून काढाले? मास्तरीन झाली म्हून?" मग आधण उतरवून ठेवलं. मग म्हणाली, "तिनं मले येऊन इचारलं असतं तं?"

"मी नऊ वर्षांची होते गं आई. मला कळलं नाही."

"तुहं काय घेऊन बसली?" आई म्हणाली. "तू नऊ वर्सांची व्हती. आमी दोघी किती वर्सांच्या व्हतो?"

त्या दिवशी पुढे काहीच झालं नाही. मी अंगणात येरझारा घालत राहिले. वडिलांनी विचारलं, "काय हरवलं का तुहं?" मी नाही म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई भांडी घासत होती. मधेच उठली, राखेचे हात तसेच घेऊन अंगण ओलांडून काकूच्या दारात जाऊन उभी राहिली. चौदा वर्षांत ती त्या दाराकडे गेली नव्हती. मी ओसरीवर होते. वाटलं, आता रडतील, गळ्यात पडतील. गोष्टीत मी तसंच लिहिलं असतं.

आई मोठ्यानं म्हणाली, "माह्यावर इतका सुदिक इस्वास नव्हता तुले?"

काकू आतून बाहेर आली. "इस्वास? अन् तुमी, अक्का? माहं लेकरू गेलं, अन् तुमी पोरीच्या हाती निरोप धाडला? तुमाले चार पावलं येता येत नव्हतं?"

"चुलीवर घाटा व्हता! तो सोडून कशी येऊ?"

"मंग दुसऱ्या रोजी? तिसऱ्या रोजी?"

"तू दार लावून घेतलं!"

"दार काय लोखंडाचं व्हतं?"

भांडण असं पेटलं की शेजारच्या बायका गोळा झाल्या. काका शेतातून आले तसे पायरीवर बसले. वडिलांना मी म्हटलं, "काहीतरी बोला ना तुम्ही." ते म्हणाले, "राहू दे. बोलून राह्यल्या तरी."

मधे आई म्हणाली, "पडून राह्य म्हनलं असंन मी, पोरगी सांगते ना!"

काकूनं तो शब्द पकडला. "असंन? म्हंजी तुमाले आठवत नही?"

आई एकदम थांबली. आईला ते वाक्य आठवत नव्हतं. म्हणजे 'पडून राह्य' हे जगात फक्त माझ्याच डोक्यात शिल्लक होतं. काकूला माझं अर्धं वाक्य आठवत होतं, आणि उरलेलं अर्धं तिनं माझ्या शब्दावर घ्यायचं होतं. जिनं आधी चुकीचा निरोप दिला तिच्याच शब्दावर.

"नही आठवत," आई म्हणाली. तिचा आवाज खाली आला होता. "पन मी तुले दुसरं काय म्हननार व्हती?"

काकू तिच्याकडे बघत राहिली. मग पाठ फिरवून आत गेली. या वेळी तिनं दार लावलं नाही. आईही परत येऊन भांड्यांपाशी बसली आणि घासलेलीच कढई पुन्हा घासायला लागली.

दोन दिवसांनी मी निघायच्या तयारीत होते, तेव्हा समोरून हाक आली, "अक्का, इरजन हाये का?" आईनं विरजणाची वाटी भरली. सवयीनं मी हात पुढे केला, तर तिनं माझा हात बाजूला सारला आणि स्वतः गेली. परत येऊन कुरकुरली, "चौदा वर्सं हिले इरजन लागलं नही, आता लागते." त्यानंतर त्या बोलत राहिल्या. बोलत म्हणजे भांडतच राहिल्या, केळीच्या पानांवरून, वासराच्या दोरीवरून, सणाला काय करायचं यावरून. त्यांचं गोड झालं असं मी म्हणणार नाही. काही गोष्टी चौदा वर्षांत वाळून गेल्या होत्या, त्या पुन्हा ओल्या झाल्या नाहीत.

हिवाळ्यात सरांनी गटातल्या सगळ्यांना धुळ्यात एकत्र बोलावलं. एका वाचनालयाच्या मागच्या खोलीत आम्ही सहाजण पहिल्यांदा एकमेकांना पाहत होतो. वरणगावचे भाऊ मी मनात धिप्पाड आणि तुसडे ठरवले होते. ते किडकिडीत निघाले, आणि डबा उघडून आधी सगळ्यांना शेव वाटत सुटले. चहाच्या वेळी हळूच म्हणाले, "माझ्या लिहिण्यानं तुम्ही दुखावलात का? नंतर तुमचं काहीच आलं नाही."

मी म्हटलं, "तुम्ही विचारलं होतं ना, शब्द गाळला का. गाळला होता."

त्यांचा चेहरा उतरला. "अहो, मी सहज लिहिलं होतं. आमच्या फॅक्टरीत एका पाळीचा निरोप दुसऱ्या पाळीला तोंडी देत नाहीत, वहीत लिहून देतात. त्या सवयीनं सुचलं. मला काय माहीत..." मी त्यांना घरचं सगळं सांगितलं. ऐकून झाल्यावर त्यांनी विचारलं, "मग आता गोष्ट?"

गोष्ट मी पुन्हा लिहून आणली होती. या वेळी ती मुलगी मधोमध होती. दारातून ओरडणारी, खेळायला पळणारी, आणि मोठेपणी आपल्याच आठवणीवर विश्वास नसलेली. सरांनी ती सगळ्यांसमोर वाचून दाखवली. सरांनी कागद परत देताना हिरवी शाई वापरली नाही. एवढंच म्हणाले, "कुठे पाठवण्याआधी काकूंना वाचून दाखवा. त्या नको म्हणाल्या तर पाठवू नका."

ते मी उन्हाळ्यापर्यंत टाळलं. कागद पिशवीत घेऊन फिरायचे. खोलीत ठेवून गेले तर मधेच परत यावंसं वाटायचं. शेवटी मे महिन्यात घरी गेले, आणि एका सकाळी काकूच्या ओसरीवर बसून तिला वाचून दाखवली. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं. ती गुडघ्याला मिठी मारून ऐकत होती. आई नेमकी कशालातरी आली, आणि तीही खांबाला टेकून उभी राहिली. आपलं बोलणं आलं की दोघी एकमेकींकडे चोरून बघायच्या.

वाचून झालं. मी विचारलं, "पाठवू का काकू?"

"पाठव," ती म्हणाली. "पन एक चुकलं तुहं."

"काय?"

"तू पोरगा लिहिला. पोरगी व्हती ते." तिनं सहज सांगितल्यासारखं सांगितलं. "नाव सुदिक ठेवलं व्हतं मी मनात."

मी आईकडे पाहिलं. आईनं मान खाली घातली. ते तिलाही माहीत नव्हतं की माहीत असून ती कधी बोलली नव्हती, हे मला तिच्या चेहऱ्यावरून कळलं नाही. पूर्ण गोष्टीत मी त्या बाळाला दोनदा मुलगा म्हटलं होतं, आणि दोन्ही वेळा लिहिताना मला क्षणभरसुद्धा शंका आली नव्हती. इतकं सगळं विचारत फिरले, आणि एवढं विचारायचं राहून गेलं होतं.

काकूनं ते नाव सांगितलं. मी पेन काढून दोन्ही ठिकाणचा 'मुलगा' खोडला आणि 'मुलगी' लिहिलं. नाव मात्र गोष्टीत घातलं नाही.